यंत्रमानवाकडून फरशीचे सांधे भरून घेताना

फरशी चिकटवल्यानंतर साधारणपणे 24 तास जाऊ द्यावेत आणि मगच यंत्रमानव आत आणावा. त्याआधी स्पेसर (फरश्यांमध्ये सारखे अंतर राखणारे छोटे तुकडे) काढून, सांध्यांत वर आलेला मसाला खरवडून, धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यावी; कारण कॅमेऱ्याला सांध्याची कड नीट दिसली नाही, तर नोझल (सांध्यात मिश्रण सोडणारी तोटी) भरकटते. 3 मिलिमीटरपेक्षा अरुंद सांध्यांसाठी वाळूविरहित ग्राउट (सांधे भरण्याचे मिश्रण) घ्यावे. खरी मेख पाण्याच्या प्रमाणात आहे: मिश्रण घट्ट की पातळ हे ओळखून कारागिराचा हात आपोआप दाब बदलतो, साध्या पंपाला मात्र ते कळत नाही, म्हणून प्रत्येक खेपेचे पाणी मोजूनच घालावे आणि आधी एका कोपऱ्यात चाचणी घ्यावी. पुसण्याचा स्पंज सांध्यांना तिरका छेदत जाईल असा मार्ग आखावा, अन्यथा भरलेले ग्राउट उपसले जाते. भिंतीलगतची कड हातानेच, लवचिक सीलंटने भरावी.