डेस्कटॉपसाठी रॅमचा स्पीड कसा निवडायचा

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानात शिरायच्या आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मदरबोर्डचं मॉडेल घरीच लिहून घ्या, सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर दोन्ही दाखवतं. काउंटरवर उभं राहून "फास्टवाली द्या" म्हटलं तर दुकानदाराकडे जे पडून आहे तेच फास्ट ठरतं.

डीडीआर4 आणि डीडीआर5 ह्या रॅमच्या दोन पिढ्या, त्यातली कुठली घ्यायची हे बोर्डच ठरवतो. खाच वेगळ्या जागी असते, एकाची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, दुसऱ्यात बसत नाही, विषय संपला.

पुढे बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन तो किती स्पीड घेतो ते बघा. इंटेलच्या एच610 सारख्या स्वस्त चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्डाच्या नावात ती असते) मेमरी ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या वर चालवणं, होतच नाही, त्यामुळे डीडीआर4 चा एच610 बोर्ड असेल तर 3600 ची रॅम घेतलीत तरी ती 3200 लाच चालणार, वरचे पैसे पाण्यात. तिथे सरळ 3200 घ्या. बी660, बी760 वर हा अडथळा नाही.

आता खरा किचकट भाग, मला स्वतःला हा नीट कळायला बराच वेळ लागला होता. लोक फक्त मोठा आकडा बघतात, 3600 म्हणजे 3200 पेक्षा भारी आणि 4000 म्हणजे त्याहून भारी, आणि यूट्यूबवरचे अर्धे सल्लेही असेच असतात. पण पाकिटावर त्या आकड्याच्या शेजारी सीएल लिहिलेलं असतं, सीएल16, सीएल18, सीएल30 वगैरे, म्हणजे मागितल्यावर डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते, आणि तो आकडा सोडून नुसत्या स्पीडला काही अर्थ नाही. हिशोब सोपा आहे, सीएलला 2000 ने गुणा आणि स्पीडने भागा, येईल ते थांबण्याचे नॅनोसेकंद, जितके कमी तितकं चांगलं. 3200 सीएल16 चे येतात 10. 3600 सीएल18 चे पण 10च. डीडीआर5 मध्ये 6000 सीएल30 चे 10, पण 6000 सीएल40 चे 13 च्या वर, आणि 5600 सीएल46 चे 16 च्या वर. म्हणजे बाहेरून दोन्ही पाकिटांवर 6000 च लिहिलंय, किंमतीत थोडाच फरक, आणि आतला माल वेगळा. दुकानात मोबाईल काढून हा हिशोब करा, लाजू नका.

दुसरं म्हणजे प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर, रॅमशी बोलणारा भाग. एएमडीच्या रायझन 5000 साठी 3600 घ्या आणि थांबा. त्याच्या फार वर गेलात की कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने चालू शकत नाही, तो अर्ध्या वेगावर येतो, आणि 4000 ची महाग किट गेममध्ये 3600 पेक्षा मागे पडू शकते. रायझन 7000 साठी 6000 सीएल30, ह्यावर मी वाद घालत नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत डीडीआर4 असेल तर 3200 ते 3600 पुरे. आणि रायझन 5600जी सारखा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, असं असेल तर रॅमचा स्पीड तुम्हाला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त जाणवेल कारण ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. तिथे 16 जीबीची एक स्टिक अजिबात घेऊ नका, 8 जीबीच्या दोन घ्या.

तसंही दोन स्टिकच घ्या, एकाच पाकिटातल्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. डीडीआर5 मध्ये चारही स्लॉट भरू नका, स्पीड खाली येतो.

घरी आल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू करा, रॅम पाकिटावरच्या स्पीडने चालते ती ह्याने, एएमडीच्या डीडीआर5 ला त्याचं नाव एक्सपो. हे केलं नाही तर 3200 ची रॅम बऱ्याचदा 2133 नाहीतर 2666 वर चालत राहते, कित्येकांच्या घरी वर्षानुवर्षं चाललीय आणि त्यांना पत्ताच नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड दिसतो. सीपीयू-झेड मात्र निम्मा आकडा दाखवतं, 3200 चे 1600, ते बरोबर आहे, त्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

रायझन 7000 वर एक्सपो लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. पीसी मेला असं वाटतं, पण बटण दाबू नका, स्विच बंद करू नका, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. चहा ठेवा, पिऊन या. खूप वेळ झाला तरीही काळीच असेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसून मूळ जागी आणा.

शेवटी मेमटेस्ट86, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, रात्रभर लावून झोपा. एक जरी एरर आली तर स्पीड एक पायरी खाली आणा, 6000 चा 5600 करा आणि टेस्ट परत लावा, "चालतंय की" म्हणून सोडू नका, अशा रॅमने फाइली हळूहळू खराब होतात. एक्सएमपी बंद करूनही एरर येत असेल तर बहुतेक स्टिकच खराब आहे, बिल घेऊन दुकानात जा आणि बदलून घ्या.