कडकी येण्याआधी: पैसे बाजूला टाकायची सवय कशी लावायची

एकदा माझा पगार सलग दोन महिने अडकला होता. ऑफिसात सगळे "आज होईल, उद्या होईल" करत होते आणि मी दर तासाला फोनवर बॅलन्स बघत बसलेलो. पैसे नव्हते असं नाही हां, होते, पण पाच वर्षांच्या एकाच ठेवीत, आणि ती मोडायचं जिवावर आलं म्हणून क्रेडिट कार्ड घासत राहिलो, ते फेडता फेडता पुढचं वर्ष गेलं. त्यानंतर जे जमत गेलं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी बजेट बनवायला बसू नका. खरंच. पहिला महिना फक्त खर्च लिहा, फोनच्या नोट्समध्ये, पैसे दिले तिथेच उभ्या उभ्या, कारण रात्री आठवून लिहू म्हटलं की निम्मं विसरायला होतं. काही कापायचं नाही, घरच्यांना बोलायचं नाही. महिना संपला की बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून ताळा करा. माझ्याकडे यात 3 सबस्क्रिप्शन सापडली, त्यातलं एक ॲप मी फोनमधून केव्हाच उडवलं होतं, पैसे मात्र गुपचूप कटत होते.

मग कडकीचा आकडा काढा. उद्या कमाई थांबली तर घर चालायला महिन्याला कमीत कमी किती लागतील? भाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, वीज-पाणी, औषधं, येणं-जाणं, चालू कर्जांचे हप्ते. हॉटेलिंग, कपडे, फिरणं यात नाही. आणि विम्याचा हप्ता, मुलांची फी, गाडीचं सर्व्हिसिंग असे वर्षातून एकदोनदा येणारे खर्च 12 ने भागून यातच धरा, आपण त्यांना "अचानक आलेला खर्च" म्हणतो पण त्यांची तारीख आपल्याला वर्षभर आधी माहीत असते! शक्य असेल तर त्यांचे पैसे दर महिन्याला वेगळेच टाकत जा.

हा आकडा का महत्त्वाचा, तर कमाई थांबली तर पुरेल असा फंड किती साठवायचा याचा हिशोब लोक पगारावरून करतात. सहा महिन्यांचा पगार साठवा म्हटलं की माणूस ऐकूनच गार पडतो. पण पगार 100 धरला आणि कडकीचा आकडा 60 आला तर सहा महिन्यांना 360 लागतात, 600 नाही. घरात दोघं कमावणारे असतील, नोकऱ्या पक्क्या असतील तर 3 महिन्यांचे ठेवले तरी चालतं, फ्रीलान्स किंवा धंदा असेल तर 6 च्या पुढेच जा.

आकडा काढला की एक महिना त्यात राहून बघा, रंगीत तालीम समजा. माझे पैसे 19 तारखेलाच संपले, कारण आईच्या तपासण्या मी धरल्याच नव्हत्या. बरं झालं तेव्हाच कळलं. तालमीत जे वाचेल ती पहिली बचत.

आता साठवायचं कसं? महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं तर काहीच उरत नाही, हे सांगायला नकोच. पगार झाला की दुसऱ्या दिवशी आपोआप दुसऱ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला देऊन टाका, त्या खात्याचं कार्ड पाकिटात नको आणि ॲप फोनमध्ये नको. 100 मधले 5 पासून सुरू करा. 50-30-20 चा फॉर्म्युला ऐकला असेल, म्हणजे गरजा, हौस आणि बचत, पण भाड्यातच 45 जाणाऱ्याला तो काय कामाचा? त्यापेक्षा पगार वाढला की वाढीतला निम्मा हिस्सा बचतीत, हे आत्ताच ठरवून ठेवा. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये छापलेल्या अभ्यासात एका कंपनीतल्या लोकांनी असंच आधीच कबूल केलं होतं, आणि 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. उत्पन्न कधी येतं कधी नाही असं असेल तर तारीख धरू नका, पैसे येतील त्याच दिवशी ठरलेले टक्के बाजूला.

कर्ज असेल तर? आधी एका महिन्याचा कडकीचा आकडा जमवा, मग जोर लावून महागडं कर्ज फेडा, उरलेला फंड नंतर. महिना 3 टक्के व्याज म्हणजे किरकोळ वाटतं, पण काहीच न भरता ठेवलेले 100 वर्षात साधारण 142 होतात, एवढं व्याज कुठलंच बचत खातं देणार नाही. तरी तो एक महिना हाताशी हवाच, नाहीतर पुढचा फटका परत कार्डावरच.

शेवटी पैसे ठेवायचे कुठे. शेअर्समध्ये नको, कारण मंदीत नोकरी जाते तेव्हा बहुतेकदा बाजारही पडलेला असतो. एका महिन्याचे बचत खात्यात, बाकीचे कमी मुदतीच्या ठेवींत, पण एकच मोठी ठेव न करता एकेका महिन्याच्या खर्चाएवढ्या छोट्या छोट्या करा, म्हणजे गरज पडली की एकच मोडेल, बाकीच्यांना हात लागणार नाही. आणि घरातल्या अजून एका माणसाला या ठेवी कुठे आहेत ते सांगून ठेवा, तुम्हीच आजारी पडलात तर त्या आहेत हे तरी कुणाला कळणार?