बर्फावर चढायला निघालात? ग्लोव्हज असे निवडा

कोकणात थंडी म्हणजे दापोलीत पारा १० च्या आसपास आला की पेपरात बातमी, त्यामुळे ग्लोव्हज म्हटलं की आपल्याला बाईकवाले आठवतात नैतर आजोबांचे लोकरीचे. हल्ली आपल्याकडची काही पोरं उत्तरकाशीला नाहीतर मनालीला माउंटेनियरिंगच्या कोर्सला जातात, कोणी हिवाळ्यात केदारकंठाचा ट्रेक करतं, कोणी थेट स्पितीत गोठलेल्या धबधब्यावर आईस क्लाइंबिंगला, आणि निघायच्या आधी प्रश्न ठरलेला, सगळ्यात जाड ग्लोव्हज कुठले? तर जाडीच्या मागे लागूच नका.

बर्फ चढताना दोन्ही हात डोक्याच्या वर असतात, मुठीत टूल, म्हणजे बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड, आवळलेली, म्हणजे बोटांपर्यंत रक्त आधीच कमी पोचतं. त्यात ग्लोव्ह जाड असला की दांडा हातात नीट बसत नाही, मग आपण अजून आवळतो, हात भरून येतात, बोटं आणखी गार. नंतर हात खाली घेतले की रक्त परत येतं आणि तेव्हा अशी कळ उठते की माणूस ओरडतो, मळमळतं, कधी उलटीसुद्धा होते. क्लाइंबर मंडळी याला स्क्रीमिंग बार्फीज म्हणतात आणि जाड ग्लोव्ह घालून ते टळत नाही, उलट वाढू शकतं.

म्हणून पहिलं काम, पैसे एका महागड्या जोडीत घालू नका, तीन जोड्यांत वाटा. चढायला पातळ आणि पकडवाली, तळव्याला बकरीचं चामडं असलेली. बिले देताना, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळताना, घालायला जराशी जाड, चामड्याचीच, कारण ओला दोर हातातून सरकत असतो. आणि नुसतं उभं राहायच्या वेळेसाठी मिटन, ज्यात चारही बोटं एकत्र असतात, एकमेकांची ऊब मिळते म्हणून पाच बोटांच्या ग्लोव्हपेक्षा ते गरम. नुसता बर्फातला ट्रेक असेल तर एवढं नको, आत लोकरीचा नाहीतर फ्लीसचा पातळ लायनर आणि वरून वारा-पाणी अडवणारा ग्लोव्ह पुरतो, फक्त लायनर दोन न्या. वाऱ्याला कमी लेखू नका, उणे १० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला उणे २० सारखंच लागतं.

आत काय भरलंय ते लेबलवर बघा. डाऊन म्हणजे पिसं भिजली की चप्प बसतात, ऊब गेली. बर्फ चढताना हात भिजणारच, म्हणून प्रायमालॉफ्टसारखं सिंथेटिक घ्या. गोरटेक्स (पाणी अडवणारा पातळ पडदा) असलं तरी घाम आतून येतोच, आणि आपल्या दमट हवेतल्या माणसाला घामाचं काय सांगायचं! गंमत म्हणजे जगभरच्या बऱ्याच क्लाइंबर लोकांनी महागडे ग्लोव्हज सोडून शोवा कंपनीचे टेमरेस २८२ धरलेत, जे मुळात मासेमारी आणि कोल्ड स्टोरेजमधल्या कामासाठीचे, निळे, रबरी दिसणारे जपानी ग्लोव्हज आहेत, त्यातून पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ थोडीफार बाहेर जाते. आपल्या बंदरावर साधे रबरी मिळतात ते मात्र चालणार नाहीत, त्यांना आत अस्तर नसतं.

आता साईज. शिंप्याची टेप घ्या, अंगठा सोडून तळव्याभोवती बोटांच्या सांध्यांवरून गुंडाळा, इंचात जो आकडा येईल तो साधारण ग्लोव्हचा नंबर. पण भरवसा त्यावर नको, हाताने बघा. ग्लोव्ह घालून कुऱ्हाडीचा दांडा मुठीत धरा (पातं गुंडाळून घ्या हो) आणि हात डोक्यावर दोन मिनिटं तसाच ठेवा. बोटांच्या टोकाला कापड दाबत असेल तर लहान होतो, तळव्यात चुण्या जमत असतील तर मोठा. लायनर घालायचा असेल तर तो घालूनच माप बघा. मग हात ओला करून ग्लोव्ह चार-पाच वेळा काढघाल करा. आतलं अस्तर बोटांबरोबर उलटं बाहेर येत असेल तर ती जोडी तिथेच ठेवा, लटकत्या दोरावर ती बोटं परत सरळ करणं म्हणजे वैताग आहे.

मनगटाचा भाग लांब असला आणि जॅकेटच्या बाहीवरून आला तर हात वर असताना ग्लोव्हवरून ओघळणारं पाणी बाहीत शिरत नाही. काहींना आखूड, बाहीखाली जाणारा आवडतो, सुटसुटीत वाटतो म्हणून. मी लांबवाल्यांच्या बाजूने. आणि मनगटाला अडकवायची दोरी पाहिजेच, वाऱ्यात ग्लोव्ह उडाला की गेला.

यानंतरची परीक्षा आपल्याला मुंबई-पुणेवाल्यांपेक्षा सोपी. हर्णै, मिरकरवाडा, कुठल्याही बंदरावर बोटींसाठी बर्फाचा चुरा असतो, ओळखीच्या मावशीला सांगून थर्माकोलचा एक खोका भरून आणा. ग्लोव्ह घालून हात मनगटाच्या खालपर्यंत त्यात दहा मिनिटं खुपसा, मधूनमधून बर्फ मुठीत दाबा, मग काढून आतला लायनर बघा, ओल कुठे दिसते. बहुतेक वेळा टाक्यांवर, अंगठ्याच्या खाचेत दिसते. तसाच ओला ग्लोव्ह घालून कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) उघडा, दोराला आठची गाठ मारा, जॅकेटची चेन वरखाली करा. आईस स्क्रू (आधारासाठी बर्फात बसवायचा स्क्रू) फिरवायलाही हीच बोटं लागणार आहेत. बर्फात मीठ घालायच्या भानगडीत पडू नका, तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, उघड्या बोटाला लागलं तर कातडी जळते. आणि बोटं बधिर वाटली की हात बाहेर. ही परीक्षा गळती आणि पकड दाखवते, स्पितीतल्या काझाच्या उणे २० मध्ये किती ऊब देईल हे नाही सांगत.

तिकडे गेल्यावर ओले ग्लोव्हज शेकोटीजवळ धरू नका, चामडं कडक होऊन तडकतं. जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. बोट पांढरं पडून बधिर झालं तर बर्फाने चोळायचं नाही, परत गोठायची भीती नसलेल्या जागी गेल्यावरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

परत आल्यावर खरा शत्रू आपला पावसाळा. कपाटात चामड्याचे ग्लोव्हज तसेच टाकलेत तर श्रावणापर्यंत हिरवी बुरशी. सावलीत पूर्ण वाळवा, चामड्याचं मेण लावा, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घरात आहे म्हणून खोबरेल चोळू नका, ते २४ अंशांच्या आसपासच गोठतं आणि चामडं नुसतं तेलकट होतं. टाके उसवले तर चांभाराकडून शिवून घ्यायला हरकत नाही, फक्त आत मेम्ब्रेन (गोरटेक्ससारखा पाणी अडवणारा पडदा) असेल तर आरपार सुई घालू देऊ नका, एक भोक पडलं तरी पाणी आत आलंच.