अल्ट्रालाइटसाठी हलकं इंजिन निवडताय? या चुका टाळा

अल्ट्रालाइट म्हणजे एका माणसाचं अगदी हलकं विमान, आणि त्यात इंजिनाचा प्रत्येक किलो मोजावा लागतो. आमच्या गॅरेजमध्ये काट्यावर रोटॅक्स ५०३ हे टू-स्ट्रोक इंजिन ठेवलं तेव्हा आकडा आला ४८ किलो. ज्याच्याकडून सेकंडहँड घेतलं त्याने सांगितलं होतं ७० पौंड, म्हणजे ३२ किलोच्या आत. तो खोटं बोलत नव्हता, ते नुसत्या इंजिनाचं वजन होतं, पण आमच्या हातात जे आलं त्याला ५ किलोचा एक्झॉस्ट होता, ८ किलोचा सी टाइप गिअरबॉक्स होता, वर सेल्फ स्टार्टर आणि ब्रॅकेट. नवरदेवाला बोलावलं की वऱ्हाड येणारच, आणि जेवणाची पानं मोजायची ती वऱ्हाड धरूनच. त्या दिवसापासून कोणी मला इंजिनाचं वजन सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, त्यात काय काय धरलंय?

मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे इथल्या नियमावर बोलतो. एफएए म्हणजे इथलं विमान वाहतूक खातं, त्यांचा अल्ट्रालाइटसाठीचा पार्ट १०३ हा नियम १९८२ पासून आहे. एकच सीट, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी म्हणजे साधारण ११५ किलो, टाकी ५ गॅलन म्हणजे १९ लिटरपर्यंत, फुल पॉवरला सरळ उडताना वेग ५५ नॉटच्या (ताशी साधारण १०२ किमी) वर नाही आणि पॉवर बंद असताना स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, २४ नॉटच्या (ताशी साधारण ४४ किमी) आत. एवढं पाळलं तर लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशन लागत नाही. पण एक पौंड जरी वर गेलात तरी ते अल्ट्रालाइट राहत नाही, ते बिनरजिस्ट्रेशनचं विमान होतं, आणि लायसन्स नसेल तर तुम्ही ते विनापरवाना उडवताय. भारतातल्या मंडळींनी लक्षात घ्या, तिकडे ही सूट नाही, डीजीसीएचे (तिकडचं विमान वाहतूक खातं) मायक्रोलाइटचे, म्हणजे अशाच हलक्या विमानांचे, नियम वेगळे आहेत आणि त्यात रजिस्ट्रेशन लागतं.

तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिन आधी ठरवायचं आणि वजनाचा हिशोब मागाहून करायचा. हिशोब उलटा करा. समजा सांगाडा, पंख, कापड, रंग, चाकं, सीट, टाकी, केबल सगळं मिळून ७८ किलो झालं, तर हातात राहिले ३७. आता रोटॅक्स ४४७ घ्या, तेही टू-स्ट्रोक, ४० एचपी, कागदावर अगदी मस्त बसतं, इंजिन कार्ब्युरेटरसकट २७ किलोच्या आसपास. त्यात एक्झॉस्ट ५, बी गिअरबॉक्स साडेचार, झाले साडेछत्तीस, आणि अजून प्रोपेलर लागलेला नाही, रबर माउंट नाहीत, एअर फिल्टर नाही, गेज आणि त्यांच्या वायरी नाहीत. म्हणजे तुम्ही चार किलोने बाहेर. हे चार किलो नंतर कापायला गेलात की माणूस नको तिथे कापतो, कोणी ब्रेक काढतो, कोणी पातळ ट्यूब घालतो, आणि हे मला अजिबात मान्य नाही. सांगाड्याला हात लावण्यापेक्षा सेल्फ स्टार्टर आणि बॅटरी धरली असेल तर ती सोडून दोरीने स्टार्ट करा, तीनचार किलो तिथेच सुटतात. किंवा मग लहान इंजिनाचं विमान निवडा, हिर्थ एफ-३३ सारखं एक सिलिंडरचं २८ एचपी इंजिन हलक्या पायलटला आणि हलक्या विमानाला पुरतं.

पॅराशूटच्या सुटीबद्दलही खूप गैरसमज आहे. बॅलिस्टिक पॅराशूट, म्हणजे संकटात अख्ख्या विमानाला खाली उतरवणारं पॅराशूट, लावलं तर २४ पौंड जास्तीचे मिळतात हे खरं, पण ते पॅराशूटसाठी आहेत. पॅराशूट न लावता ते इंजिनात धरणारे मी पाहिलेत. तसं चालत नाही.

दुसरी चूक एचपीच्या मागे धावण्याची. अल्ट्रालाइट ओढून नेतं ते प्रोपेलर, आणि हळू चालणाऱ्या विमानाला मोठा आणि हळू फिरणारा प्रोपेलर लागतो. टू-स्ट्रोक इंजिन पॉवर देतं ६५०० आरपीएमला. ६० इंची प्रोपेलर त्याला सरळ जोडला तर पात्याच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला ५०० मीटरच्या वर, आवाजाच्या वेगाच्या दीडपट, म्हणजे नुसता कर्कश आवाज आणि ओढ काहीच नाही. २.५८ रेशोचा गिअरबॉक्स लावला की तोच प्रोपेलर २५०० ला फिरतो, टोक २०० मीटर प्रति सेकंदाला येतं आणि विमान खरंच पुढे जातं. म्हणून गिअरबॉक्सचं वजन वाचवून गिअरबॉक्सच टाळायचा हा विचार टू-स्ट्रोकला लागू होत नाही. अर्धं फोक्सवॅगन, म्हणजे चार सिलिंडरचं बीटल गाडीचं इंजिन कापून दोन सिलिंडरचं केलेलं, ते सरळ जोडता येतं कारण ते फोर-स्ट्रोक आहे आणि तीनसाडेतीन हजारांतच काम करतं, पण मग प्रोपेलर लहान ठेवावा लागतो आणि वजनही टू-स्ट्रोकपेक्षा जास्त भरतं. एक मिळालं की दुसरं सोडावं लागतं.

एचपी जास्त घेतलं की अजून दोन दुखणी. फुल पॉवरला ५५ नॉट ओलांडले की वजन कितीही बरोबर असू दे, तुम्ही नियमाबाहेर. आणि टाकी १९ लिटरचीच. मोठं टू-स्ट्रोक जोरात चालवलं तर तासाला १३-१४ लिटर सहज पितं, राखीव धरलं की तासभराचं फ्लाइंग.

जनरेटरचं किंवा लॉन ट्रॅक्टरचं व्ही-ट्विन स्वस्त मिळतं म्हणून अनेकांना मोह होतो. लोकांनी ते उडवलंय, पण खूप काम करून. वेग ठरावीक ठेवणारा गव्हर्नर काढावा लागतो, जड फ्लायव्हील बदलावं लागतं, आणि क्रँकशाफ्टवर प्रोपेलरची ओढ आणि वळताना फिरत्या प्रोपेलरमुळे येणारा जायरोस्कोपिक ताण याचा विचार ते बनवताना केलेलाच नसतो. मशीनिंगचा अनुभव नसेल तर या वाटेला जाऊ नका, हे कळकळीने सांगतोय.

इंजिन कुठे बसतं तेही बघा. मागे इंजिन असलेल्या विमानात पाच किलो जास्तीचं इंजिन म्हणजे शेपटी जड, मग नाकात शिसं घालायचं, म्हणजे त्या पाच किलोचे आठ झाले. डिझायनरने जे इंजिन सांगितलंय त्याच्या वजनापासून लांब जाऊ नका. सेकंडहँड ४४७ किंवा ५०३ घेताना तास विचारा, या इंजिनांना ३०० तासांना ओव्हरहॉल सांगितलेला आहे, आणि दोन्ही आता बनत नाहीत.

आता बसवल्यावर काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसचं तापमान, वर जातोय, ६५० डिग्री सेल्सियसला टेकतोय. लोक लगेच कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, बदलायला घेतात. थांबा, आधी सिलिंडर हेडचं तापमान बघा. ईजीटी वर आणि हेड थंड असेल तर प्रोपेलरचा पिच, म्हणजे पात्याचा तिरकेपणा, कमी आहे, इंजिनवर लोडच येत नाहीये. उलट ईजीटी खाली आणि हेड गरम असेल तर पिच जास्त आहे, इंजिन दमतंय. विमान नीट बांधून फुल थ्रॉटल द्या, ६२०० आरपीएमच्या आसपास यायला हवं, तेवढं येईपर्यंत पिच अर्धा अर्धा डिग्री बदला आणि मगच कार्ब्युरेटरच्या नीडल नाहीतर जेटकडे वळा. मित्राच्या विमानाला तीन वीकेंड जेट बदलून काही फरक पडला नव्हता, पिच एक डिग्री वाढवल्यावर त्याच दुपारी ईजीटी ६१० वर येऊन स्थिर झाला.

आणि एक्झॉस्ट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा. टू-स्ट्रोकच्या व्हायब्रेशनने त्या तुटतात, आणि मागे प्रोपेलर असेल तर तुटलेला तुकडा सरळ पात्यात जातो. प्रत्येक स्प्रिंगमधून सेफ्टी वायर ओवून घ्या, वर हाय-टेंपरेचर लाल सिलिकॉनची एक रेघ ओढा म्हणजे ती थरथरत नाही. दर उड्डाणाआधी बोटाने एकेक हलवून बघा, इंजिन गार असताना.

वजन करताना तिन्ही चाकांखाली तीन काटे, जमीन सपाट, विमान लेव्हल, गॅरेजचं दार बंद कारण वाऱ्याने पंख उचलतो आणि आकडा कमी दिसतो. टाकी रिकामी करा, बाकी उडताना जे जे बसवलेलं असतं ते सगळं बसवून ठेवा. दोनदा करा. २५४ पौंडांच्या जवळ आलात तर तिसऱ्यांदा करा, आणि काट्यांची जागा आपसात बदलून करा.