गणपतीला गावी जाताना परके वाटत असेल तर

चतुर्थीला सिंधुदुर्गातल्या मूळ घरी पोहोचलेल्या चाकरमान्याचे मन तिथे रमतेच असे नाही. मुंबईत इंग्रजी माध्यमात वाढलेला, देव न मानणारा किंवा मालवणी कळत असूनही बोलू न शकणारा माणूस आरतीत टाळ धरून नुसते ओठ हलवतो आणि आपण इथले नव्हेच, असे ठरवून मोकळा होतो. असे ठरवण्यापूर्वी आपल्याला नेमके काय खुपते, भाषा, श्रद्धेचा अभाव की एखादी प्रथा, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे, कारण प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे.

भाषेचे दुखणे किरकोळ आहे. चुकतमाकत मालवणी बोलावी. लोक हसतात, पण उत्तर मालवणीतूनच देतात.

श्रद्धा नसेल त्याने पाटाजवळ अवघडून उभे राहण्यापेक्षा माटवी बांधण्याचे काम मागून घ्यावे. माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिला नारळ, सुपारीची शिपटी (घड), कवंडळे ही रानफळे, तेरडा आणि हरणाची फुले बांधतात. यांतले बरेचसे रानातून आणायचे असल्यामुळे आदल्या दिवशी एखाद्या जाणत्या काकांबरोबर निघावे आणि कोणते फळ कुठल्या बांधावर मिळते, त्याला गावात काय म्हणतात, हे विचारत राहावे. बांधताना जड नारळ आधी घ्यावेत, म्हणजे चौकट कुठे झुकते ते वेळीच कळते. या कामात तुमचा देवावर विश्वास आहे का, हे कोणी विचारत नाही. (गाठ सैल राहिली, तर मात्र सगळे घर विचारते.)

प्रथेचा प्रश्न अवघड आहे. पाळीच्या दिवसांत घरातल्या बाईला बाजूला बसवणे पटत नसेल, तर सणाच्या दिवशी चारचौघांत वाद घालण्याऐवजी महिनाभर आधी घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीशी फोनवर बोलावे. ‘आपल्यात असेच चालते’ असे उत्तर आले, तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या समाजाने भटजीवाचून लग्ने लावली, तेही आपल्यातच घडले, हे शांतपणे सांगावे. पहिल्याच वर्षी प्रथा मोडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. त्या वर्षी बाजूला बसवलेल्या बहिणीशेजारी आपलेही पान मांडून घ्यावे आणि तिथेच जेवावे.