घरी गाण्याची बैठक ठेवताय?

12 बाय 18 फुटांच्या हॉलमधून सोफे आणि टीपॉय हलवले, तर कलाकारांसाठी 8 बाय 6 ची जागा सोडून साधारण 25 जण मांडी घालून बसतात. गुडघेदुखीवाल्यांसाठी मागच्या भिंतीला पाच-सहा खुर्च्या लावा. पुढे लावल्या तर मागच्यांना फक्त पाठी दिसतात. एवढ्या खोलीत माइक लागत नाही. उलट स्पीकर लावला की टाइल्स आणि उघड्या भिंतींवरून आवाज घुमतो. जाड पडदे ओढा, सतरंज्यांवर गाद्या घाला.

गायकाची पट्टी, म्हणजे तो पेटीवरच्या ज्या सुराला ‘सा’ धरतो ती (काळी चार, पांढरी एक, जी असेल ती), आदल्या दिवशीच तबलजींना कळवा. तबला त्या पट्टीचाच आणावा लागतो. ठोकून फार तर थोडा वर-खाली होतो. एसी लावायचाच असेल तर वाद्यं येण्याआधी तासभर लावा आणि मग बंद-चालू करू नका. कोरड्या हवेत पुडी (तबल्याचं कातडं) ताणून तबल्याचा सूर चढतो, दमट हवेत उतरतो, आणि दर दहा मिनिटांनी हातोडी निघते. कलाकारांच्या डोक्यावरचा पंखा बंदच हवा.

पाहुण्यांना सहाची वेळ द्या, गाणं साडेसहाला. कलाकार पाचला यावेत, म्हणजे सूर जुळवणं गर्दीआधी उरकतं. जेवण शेवटी, मध्यंतरात फक्त चहा. बटाटेवड्यांचा घाणा चालू असताना विलंबित (संथ लयीतला) ख्याल कोणी ऐकत नाही! मिक्सर, कुकरची शिट्टी, दाराची बेल यांचा बंदोबस्त आधीच करा. माइक लावलाच, तर रात्री दहाच्या आत आटपा.