यंदाच्या थंडीत जोड लावा, पुढच्या गड्ड्याला कोंबडा दाखवा

दिवाळी उरकली. पावसाळ्याच्या शेवटाला कोंबड्यांनी टाकलेली पिसे खुराड्यात आता दिसेनाशी झाली असतील आणि अंगावर नवी, तकतकीत पिसे भरली असतील. जातिवंत कोंबड्यांची पैदास करून त्या प्रदर्शनात मांडायची हौस असेल, तर सोलापूर भागात कामाला लागायचे दिवस हेच. आता जोड लावली तर डिसेंबरात अंडी उबवणीला जातात, जानेवारीत पिले निघतात आणि मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर सरकतो तेव्हा ती चार महिन्यांची, अंगाने भरलेली असतात. पुढच्या संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, पक्षी वर्षाचा झालेला असतो. फेब्रुवारी संपल्यावर मात्र अंडी बसवूच नका. आपल्या उन्हाळ्यात अंडे टोपलीतच अर्धवट तापते, जीव धरतो आणि आतच मरतो.

पहिला प्रश्न जातीचा. 'गावरान' ही जात नव्हे. आपल्या अंगणात फिरते ती पिढ्यानपिढ्यांची सरमिसळ. ती काटक असते, चवीला सरस असते, पण दोन पिले एकसारखी निघत नाहीत. प्रदर्शनात पक्षी ठरलेल्या वर्णनाशी ताडून पाहतात. त्यामुळे ज्या जातीचे वर्णन लिहून ठेवलेले आहे तीच धरावी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे असील, कडकनाथ, नंदुरबारकडची बुसरा अशा देशी जातींची नोंद आहे. एकच जात आणि तिच्यातला एकच रंग घ्या. पहिल्याच वर्षी तीन जाती पाळणारा माणूस तिसऱ्या वर्षी गावरान पाळत असतो.

मी असील धरली, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर. असीलचा तुरा करवतीसारखा नसतो. वाटाण्याचे दाणे तीन ओळींत बसवावेत तसा तो बसका, डोक्याला चिकटलेला असतो. चोचीखाली लोंबणारी तांबडी कातडी जवळपास नसतेच. चोच आखूड, जाड, बाकदार. डोळा मोत्यासारखा पांढुरका. छाती रुंद, अंग मागे निमुळते होत गेलेले, शेपूट खाली झुकलेली. पिसे कमी, पण घट्ट आणि टणक. छातीच्या हाडावर उघडी लाल कातडी दिसली तर तो दोष नव्हे, लक्षण आहे. रंगांना जुनी नावे आहेत: सोनेरी तांबड्याला पीला, काळ्या-तांबड्याला याकूब, पांढऱ्याला नुरी, काळ्याला कागर, फिक्या तांबड्याला रेझा.

वजनाच्या बाबतीत नवखा माणूस गोंधळतो. अमेरिकेतल्या पोल्ट्री असोसिएशनने १८७४ पासून कोंबड्यांची मानके छापायला घेतली आणि १९८१ मध्ये असीलला त्यात जागा दिली. त्यांच्या हिशेबाने पूर्ण वाढलेला असील कोंबडा साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलोचा. आपल्याकडच्या पुस्तकांत तोच चार ते पाच किलो. दोन्ही खरे आहे, कारण तिकडे गेली ती लहान अंगाची असील. तेव्हा इंटरनेटवरचा परदेशी तक्ता उतरवून घेऊन घरचा भारदस्त कोंबडा बाद करू नका.

माझी एक फजिती सांगतो. एका आठवडी बाजारात कोंबडा घेतला. उंचापुरा, मोतिया डोळ्यांचा, विकणारा छातीवर हात ठेवून 'अस्सल' म्हणत होता. पहिल्या वर्षीची पिले झकास निघाली. दुसऱ्या वर्षी त्याच्याच मुली त्याच्याकडे सोडल्या आणि चोवीस पिलांत तिघांच्या डोक्यावर करवती तुरा उगवला. कोंबड्याच्या रक्तात कुठेतरी गावरान दडलेली होती. वाटाणी तुरा करवती तुऱ्याला झाकून ठेवतो. दोन्हीकडून तो दोष आला, की उघडा पडतो. तेव्हापासून कोंबडा घ्यायचा तर मी त्याची आई, भाऊ आणि जमल्यास आधीची पिले पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही. त्याचा तुराही बोटाने चाचपतो. मधली ओळ नको इतकी उंच उठलेली असेल तर खुशाल माघारी फिरा.

कडकनाथवाल्यांनी तर दुप्पट जपावे. या जातीच्या मांसाला २०१८ मध्ये झाबुआचे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर बाजारात काळी कोंबडी ती कडकनाथ असा प्रकार सुरू झाला. पिले विकून, परत विकत घेण्याच्या वायद्यावर आपल्याच भागात किती जणांचे पैसे बुडाले ते वेगळे सांगायला नको. कडकनाथ कोंबडा गावरान कोंबडीवर सोडला, तरी बऱ्याचदा माद्या काळ्या निघतात आणि नर उजळ. म्हणून नुसत्या काळ्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, दाखवणाऱ्याला 'यांचे भाऊ कुठे आहेत?' असे विचारायचे. खऱ्या कडकनाथची जीभ, तळवा आणि कातडी काळसर असते, तुरा जांभळट. तुरा लालभडक असेल तर पुढचे बघायचेच नाही.

आता जोड. असीलच्या एका कोंबड्यामागे तीन-चार कोंबड्या पुरे. कडकनाथला सहा-सातही चालतात. एकाच जोडीवर पैदास चालवली तर चौथ्या वर्षी अंडी पोकळ निघू लागतात आणि पिले किरकोळ होतात. त्यावर सोपा उपाय तीन घराण्यांचा. तीन कप्पे करा, प्रत्येकात एक कोंबडा आणि तीन कोंबड्या. शक्य तर तिन्ही कप्प्यांतले पक्षी वेगवेगळ्या ठिकाणांहून, पण एकाच जातीचे आणि रंगाचे. कप्प्यांना लाल, पिवळा, निळा असे रंग द्या. पिलाच्या पायात आईच्या कप्प्याची रिंग. मुली आईच्याच कप्प्यात राहतात. लाल कप्प्यात जन्मलेला कोंबडा पिवळ्यात जातो, पिवळ्यातला निळ्यात, निळ्यातला लालमध्ये. एवढे पाळले तर बाहेरून रक्त न आणता बरीच वर्षे निघतात. असीलच्या कप्प्यांमध्ये मात्र नुसती जाळी ठेवू नका. कोंबडे एकमेकांना दिसले, की जाळीतून डोकी फोडून घेतात. दीड-दोन फूट उंचीपर्यंत पोते किंवा पत्रा लावा. आणि झुंजीचे म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने त्या गुन्हा आहेत. 'असील पाळतो' म्हटले, की लोक डोळा मारतात. त्यांना दारातूनच वाटेला लावावे.

कोंबडीजवळ आधी दुसरा कोंबडा असेल तर तो काढल्यावर तीन आठवडे तिची अंडी खायला वापरा. नराचे बीज तिच्या पोटात दोन आठवड्यांहून जास्त टिकते आणि नेमका बाप कोण ते कळत नाही. याच काळात उजेडाची सोय करा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचाच असतो, कोंबडीला अंड्यावर यायला चौदा तास तरी लागतात. पहाटे तीन तास एक बल्ब पुरतो. अंड्यांचा हिशेब आधीच करा: केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या नोंदीत असील वर्षाला ९२ अंडी देते, कडकनाथ १०५.

बसवायची अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली. साठवायला फ्रिज नको. ओल्या वाळूत रोवलेला माठ, त्यात भुसा आणि वर कोरडे फडके, याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. खुडूक कोंबडी असेल तर दहा-बारा अंडी तिच्याखाली घाला. पण असीलची कोंबडी जड, तिच्या पायाखाली अंडी फुटतात, त्यापेक्षा गावरान खुडूक बरी. इनक्युबेटर असेल तर पंख्याच्या यंत्रात साडेसदतीस अंश, शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवून झाकण बंद. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरा. तांबड्या शिरांचे जाळे दिसले नाही ते अंडे काढून टाका.

पिलांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत न्या. जानेवारीची पहाटेची थंडी इथे बऱ्याच पिलांचा घात करते. पिले दिव्याखाली चिकटून बसली तर गारठलीत, भिंतीकडे पळाली तर तापलीत. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात, गंबोरो रोगाची चौदाव्याला, लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्याला, देवीची सहा-आठ आठवड्यांत. लस बर्फावरूनच आणावी आणि पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी.

खाण्यात आपल्याकडची एक खोड सांगतो. मंगळवेढ्याची मालदांडी पोत्याने घरात असते, म्हणून वर्षभर तीच टाकायची. ज्वारी उत्तम, पण तिच्यात प्रथिने कमी आणि पिवळा रंग जवळजवळ नाही. असीलचे पाय पिवळे हवेत. ते पांढऱ्या ज्वारीने फिके पडतात. पिवळा मका, लसूणघास आणि शेवग्याचा पाला यांनी ते भरतात. वर मूठभर सूर्यफूल दिले, की पिसांना तेज येते. शिंपल्याची चुरी माद्यांसाठी वेगळ्या भांड्यात ठेवा. नराला ती बळेबळे खाऊ घालू नका.

निवड तीनदा करतात: पिले निघताच, दोन महिन्यांनी आणि सातव्या महिन्यात. वाकडी बोटे, कात्रीसारखी चोच, चुकीचा तुरा हे पहिल्या दोन फेऱ्यांत जातात. शेवटची फेरी हातात घेऊन करावी. उजवा तळहात छातीखाली, पायांच्या मध्ये बोट, डोके आपल्याकडे. छातीचे हाड अंगठ्याने पुढून मागे चाचपा. सरळ पट्टीसारखे लागायला हवे, नागमोडी लागले तर पक्षी बाद. मग पंख उलगडा. बाहेरची दहा लांब पिसे, मग एक आखूड पीस, मग आतली. त्या आखूड पिसापाशी बोट जाईल एवढी फट असेल तर पंख फाटका. हा दोष पिढीत उतरतो, म्हणून असा पक्षी कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवू नका. पन्नास पिलांतून पाच-सहा राहिली तरी वाईट वाटून घेऊ नका. उरलेली बाजारात जातात, खर्च निघतो.

प्रदर्शनाचे आयोजक कोंबड्यांचे परीक्षण ठेवतात का, आणि वर्षाच्या आतल्या पक्ष्यांचा गट वेगळा आहे का, हे दोन महिने आधी विचारा. सगळीकडे ते नसते. जमत असेल तर तीन आठवडे आधीपासून पक्ष्याला रोज अर्धा तास पिंजऱ्यात ठेवा आणि हातात घ्या. पिंजऱ्यात दबकून बसलेल्या असीलकडे परीक्षक पाहणार काय? तीन दिवस आधी, दुपारच्या उन्हात, पायांचे खवले जुन्या टूथब्रशने घासा, खोबरेल तेलाचे बोट फिरवा. पांढऱ्या पक्ष्याला कोमट पाण्याने अंघोळ घाला. असीलची पिसे टणक, तिला ओले फडके पुरते. उवा पाहायच्या त्या शेपटीच्या मुळाशी. रंग लावणे, पिसे उपटणे हे पकडले जाते.

नेताना पाय बांधू नका, हवेशीर खोक्यातून पहाटे न्या. परत आल्यावर, बक्षीस मिळो न मिळो, तो पक्षी तीन आठवडे घरच्या कळपापासून लांब ठेवा आणि त्याचे दाणापाणी सगळ्यांत शेवटी करा.